माळापलीकडून कसं दिसलं

केशराचं फूल उमलायच्या आत खुडावं लागतं. ऊन लागून पाकळ्या उघडल्या की आतले लाल तंतू लोळायला लागतात, दवात भिजतात, आणि वर्षभराची मेहनत पाण्यात जाते. म्हणून ऑक्टोबर लागला की रोक्कापियाना गावच्या बायका तांबडं फुटायच्या सुमाराला परड्या घेऊन माळावर उतरतात. एर्मेलिंदाही उतरायची. पूर्वी जावेबरोबर, आणि नवरा गेल्यापासून एकटी.

जाऊ कुठे लांब गेली नव्हती. माळाच्या पार पलीकडच्या कडेला, पडक्या देवळाला लागून, मोठ्या जावेचं, लोरेताचं शेत होतं. आधी दोघी मिळून एकीचं शेत उरकायच्या, मग दुसरीचं. पण गाएतानोला, म्हणजे एर्मेलिंदाच्या नवऱ्याला, जाऊन चाळीस दिवसही झाले नव्हते, आणि लोरेताने आपल्या लेकीचं लग्न लावलं. नुसतं लावलं नाही, अकॉर्डियनवाला बोलावला. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. भिंतीच्या अलीकडे काळे कपडे घालून बसलेली एर्मेलिंदा, आणि पलीकडे नाचणाऱ्यांच्या टाचा. दुसऱ्या दिवसापासून तिने जावेकडे बघणं सोडलं. चर्चमध्ये एक उजवीकडे, एक डावीकडे. बेकरीत एक आत असली की दुसरी बाहेर थांबायची. नऊ वर्षं झाली होती. गावालाही त्याची सवय झाली होती, जशी चौकातल्या बंद पडलेल्या कारंज्याची झाली होती.

तर त्या दिवशी माळावर धुकं होतं. कमरेइतकं, दूध ओतल्यासारखं सपाट. एर्मेलिंदा वाकून चौथ्या की पाचव्या सरीत खुडत होती. कंबर सरळ करायला उभी राहिली तेव्हा तिला वाटलं, धुकं आतून उजळतंय. गावातल्या बेरार्दोचा ट्रॅक्टर असेल, असं म्हणून तिने मान वळवली.

ट्रॅक्टर नव्हता. डोंगराच्या खांद्यावरून काहीतरी खाली येत होतं. चंद्र म्हणावा तर तो केव्हाच मावळला होता. शिंपल्याच्या आतला रंग असतो ना, ना पांढरा ना गुलाबी, तसा त्याचा रंग होता. आकार गोल म्हणावा तर गोल, पण कडा कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होतं ते डोळ्याला सापडेना. गावचं चर्च घंटाघरासकट त्यात मावलं असतं. झोपलेलं मूल आई खाली ठेवते, इतक्या हळू ते माळाच्या मध्यावर उतरलं आणि धुक्याच्या वर थांबलं. धुकं जागचं हललं नाही.

पळावं, ओरडावं, क्रूसाची खूण करावी, यातलं काहीच तिला सुचलं नाही. तिने आपल्या हाताकडे पाहिलं. हातावरची शीर न् शीर दिसत होती, बोटाला लागलेली माती दिसत होती, पण हाताची सावली कुठेच पडली नव्हती. तिचीही नव्हती, परडीचीही नव्हती.

मग तिला आवाज ऐकू आला. त्याचा नव्हे, पायाशी. रेशमाचा तागा हळूच उलगडावा तसा. तिने खाली पाहिलं. फुलं उमलत होती. सूर्य डोंगराआड होता, थंडीने बोटं वाकत नव्हती, आणि अख्ख्या शेतातली फुलं एकाच वेळी उमलत होती. हजारो पाकळ्या एकदम उघडल्या तर त्याला आवाज असतो, हे तिला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. तिच्या सासूलाही ठाऊक नसणार, आणि सासूच्या सासूलाही नसणार.

ते किती वेळ होतं, तिला सांगता आलं नसतं. गेलं तेही उडून गेलं नाही. पाण्याचा थेंब पाण्यात मिसळतो तसं ते सकाळीत मिसळलं. जिथे होतं तिथे नुसता माळ राहिला, आणि मग डोंगरावरून रोजचं ऊन आलं.

एर्मेलिंदा थोडा वेळ मातीतच बसली. मग उठली आणि शेतकरणीने जे करायचं तेच तिने केलं. फुलं उघडली होती, आता दम धरून चालणार नव्हतं. रडत रडत, दोन्ही हातांनी, तिने सगळं शेत खुडून काढलं.

दुपारी बेकरीत तिच्या तोंडून निघून गेलं. निघायला नको होतं.

"केवढं होतं म्हणालीस?" बेकरीवाला पानफिलो काउंटरवर रेलून म्हणाला. "चर्चएवढं? मग पाद्रीबुवांना सांग, भाड्याने घेऊ. आपलं छप्पर गळतंय."

"हसा," एर्मेलिंदा म्हणाली. "पाव द्या आणि हसा."

"अगं, रात्री जेवताना वाइन जरा पातळ करून घेत जा," मागून कोणीतरी म्हणालं, आणि दुकान खदखदलं.

रांगेत काराबिनिएरी ठाण्याचे फौजदार एफिसिओ मुर्जा उभे होते. मूळचे सार्डिनिया बेटावरचे, बोलायला कमी. ते हसले नाहीत. तिच्या पाठोपाठ बाहेर आले आणि म्हणाले, "बाई, सवड असली तर ठाण्यावर या. याची रीतसर नोंद करता येते."

"कशाची? माझ्या वेडेपणाची?"

"जे पाहिलंत त्याची. हवाई दलाचा एक फॉर्म असतो. तुम्ही सांगायचं, मी लिहायचं, तिकडे पाठवायचं. ते तपास करतात."

एर्मेलिंदा त्यांच्याकडे बघतच राहिली. "चौकातला खड्डा बुजवायला या सरकारला तीन वर्षं लागली. त्याला उडत्या तबकड्यांशी काय करायचंय?"

"तबकड्यांशी नाही," फौजदार म्हणाले, "आकाशाशी. त्यात विमानं असतात, विमानांत माणसं असतात. आपल्या डोक्यावर काय फिरतंय ते ठाऊक नको का? चला. नाहीतरी आज दुसऱ्यांदा तोच..." आणि ते एकदम गप्प झाले. कान लाल झाले. "चला," एवढंच परत म्हणाले.

ठाण्यात फौजदारांनी खिडकी बंद केली, म्हणजे चौकातली कार्टी कान देणार नाहीत, आणि एकेक प्रश्न विचारत गेले. आकार, रंग, आवाज, वास, कुठून आलं, कुठे गेलं. चष्मा आहे का. कुठली औषधं चालू आहेत.

"यापूर्वी कधी भ्रम झाला होता?"

"प्रेमात पडले होते. ते धरायचं का?"

"नाही," फौजदार गंभीरपणे म्हणाले, "त्याला रकाना नाही."

फुलांचं सांगताना मात्र तिचा आवाज बसला. फौजदारांनी पेन खाली ठेवलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि ती परत बोलेपर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. लिहून झाल्यावर सगळं वाचून दाखवलं. सरकारी भाषेत फुलं "अपेक्षित वेळेपूर्वी उमलल्याचं साक्षीदाराने नमूद केलं" होतं. एर्मेलिंदाला वाटलं, काय हे, सगळा जीवच काढून घेतला. पण मग वाटलं, असू दे. निदान कोणी हसून लिहिलं नाही.

हवाई दलाची बाई आली तेव्हा केशराचा हंगाम सरत आला होता. कॅप्टन तेक्ला झानिएर, उत्तरेकडची, उंच, बूट चिखलात बुडाले तरी तक्रार न करणारी. तिने एर्मेलिंदाला पहाटे त्याच शेतात उभं केलं.

"बाई, डोळे मिटा. आठवा. आता हाताने दाखवा, कुठे होतं."

एर्मेलिंदाने हात केला. कॅप्टनने हाताला होकायंत्र लावलं, आकडा लिहिला. मग हात वर, मग खाली, मग परत सुरुवातीपासून. तीनदा. तिन्ही वेळा हात तिथेच गेला.

"तुम्हाला वाटतंय का, मी खोटं बोलतेय?"

"नाही. खोटं बोलणाऱ्याचा हात दरवेळी वेगळीकडे जातो असंही नाही, म्हणा." कॅप्टन हसली. "मला वाटतंय तो हवामानाचा फुगा असावा. किंवा कोणाची कवायत. किंवा उपग्रहाचा तुकडा. मी एकेक विचारत जाणार, आणि कोणीतरी म्हणेल, हो, आमचंच ते. बहुतेक वेळा तसंच होतं."

"आणि तुम्ही स्वतः कधी पाहिलंय?"

कॅप्टनने होकायंत्र मिटलं. "मी? कधीच नाही. मी फक्त पाहिलेल्यांना पाहते."

ते तिने सहज म्हटलं, पण त्यात काहीतरी उपाशी होतं. एर्मेलिंदाला तिची दया आली. तिने थर्मासमधली कॉफी ओतून दिली.

निघताना कॅप्टन म्हणाली, "एक नियम आहे. माळाच्या दुसऱ्या बाजूनेही कोणीतरी नोंद केलीय. कोण, काय सांगितलं, मी बोलणार नाही. तुम्हीही तपास संपेपर्यंत एकमेकांशी यावर बोलायचं नाही. नाहीतर एकीचं पाहिलेलं दुसरीच्या डोळ्यांत शिरतं."

"एकीचं," एर्मेलिंदा म्हणाली.

कॅप्टनने जीभ चावली. "तुमच्या गावात गुपित ठेवणं अवघड आहे, बाई."

गुपित कसलं? त्या वेळी पलीकडच्या कडेला एकच बाई असायची. सगळ्या गावाला ते माहीत होतं.

त्यानंतरचा हिवाळा एर्मेलिंदाला फार लांबला. जगात आणखी एका माणसाने ते पाहिलं होतं. आणि ते माणूस भिंतीपलीकडे होतं. चुलीत लाकूड सारल्याचा आवाज यायचा, खुर्ची सरकल्याचा यायचा, रेडिओ यायचा. नऊ वर्षं ते आवाज तिला टोचत होते. आता ती कामं सोडून भिंतीशी कान देऊन उभी राहायची. तिला विचारायचं होतं: तिकडून कसं दिसलं? त्याला पाठ होती का? तुमचीही फुलं उघडली का? रात्री अंथरुणात ती प्रश्न जमवायची आणि सकाळी गिळायची. आधी अभिमानाने तोंड बंद केलं होतं, आता सरकारने केलं होतं. एकदा बेकरीच्या दारात दोघी समोरासमोर आल्या. लोरेताने तोंड उघडलं, परत मिटलं, आणि बोटाने वर आकाशाकडे अगदी थोडंसं दाखवलं. एर्मेलिंदाने मान हलवली. एवढंच. पण पानफिलोच्या हातातला पाव खाली पडला.

फेब्रुवारीत कॅप्टन परत आली. फोनवर सांगता आलं असतं, पण ती एवढा घाट चढून आली आणि एर्मेलिंदाच्या स्वयंपाकघरात टोपी मांडीवर घेऊन बसली.

"फुगा नव्हता," ती म्हणाली. "त्या सकाळी त्या भागात विमान नव्हतं. कवायत नव्हती, आमची नाही आणि दुसऱ्या कोणाची नाही. उपग्रहवाल्यांना विचारलं, हवामानवाल्यांना विचारलं. रडारवर काहीच नाही. तुमच्या शेतातून आणि दुसऱ्या साक्षीदाराच्या शेतातून रेघा ओढल्या, तर त्या माळाच्या मध्यावर मेंढ्यांना पाणी पाजायच्या जुन्या टाक्यावर येऊन मिळतात. अगदी टाक्यावर."

"म्हणजे काय होतं ते?"

"आम्हाला माहीत नाही." कॅप्टन म्हणाली. "अहवालात तेच लिहिलंय. कारण निश्चित करता आलं नाही."

एर्मेलिंदाने सरकारची पुष्कळ उत्तरं ऐकली होती. उद्या या, तो साहेब रजेवर आहे, हे आमच्या खात्यात येत नाही. सरकार सही-शिक्क्यानिशी 'आम्हाला माहीत नाही' म्हणतंय, हे ती जन्मात पहिल्यांदा ऐकत होती. ती एकटी बाई पहाटे शेतात होती, तिला काहीतरी दिसलं, इथवर ठीक होतं. पण ही मोठमोठी यंत्रं, हे डोंगराएवढे रडार, ही शिकलीसवरलेली माणसं, सगळी जाऊन त्या टाक्यापाशी उभी राहिली होती आणि त्यांनीही तिच्यासारखीच मान वर केली होती.

"आता बोलायला हरकत नाही ना?" तिने विचारलं.

"कोणाशी?"

"कोणाशी म्हणजे!"

कॅप्टनने भिंतीकडे पाहिलं. "आता काही हरकत नाही," ती म्हणाली.

कॅप्टनची गाडी वळणाआड गेली आणि एर्मेलिंदा जावेच्या दारात उभी राहिली. दार ठोठावायला हात उचलला तोवर ते उघडलंच. लोरेता शाल घेऊन उभी होती. तिला चपला घालायचंही सुचलं नव्हतं.

"मी तुझ्याकडेच निघाले होते," लोरेता म्हणाली.

"मग मी परत जाते, तुम्ही या."

"आत ये, भवाने. गारठा शिरतोय."

आत आल्यावर लोरेताने उगीच कप इकडचे तिकडे केले. शेवटी एर्मेलिंदाला राहवेना.

"जाऊबाई, तिकडून कसं दिसलं?"

लोरेता बसली. साठी उलटलेली, जाडजूड, बाजारात भल्याभल्यांना गप्प करणारी बाई, पण आता शब्द चाचपडत होती.

"तू म्हणालीस ते उजळ होतं, असं कानावर आलं. माझ्या बाजूने नव्हतं गं. माझ्या बाजूने ते... पाणी. उभं पाणी. विहिरीत वाकून बघावं तसं मी बघत होते, पण समोर. आरपार दिसत होतं."

"आरपार काय?"

"तू."

एर्मेलिंदाने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"थांब, बोलू दे. आपली शेतं केवढी लांब! माझी नजर आता सुईत दोरा ओवण्याएवढी नाही राहिली. पण मला तू दिसलीस, ही आत्ता दिसतेस तशी. रुमाल सुटलेला. गालाला माती. त्या कॅप्टनला मी सांगितलं, लिहा, मला माझी जाऊ दिसली. ती म्हणाली, बाई, इतक्या लांबून? मी म्हटलं, तुम्ही लिहा."

"मी काय करत होते?" एर्मेलिंदाने विचारलं.

"हसत होतीस."

"मी? छे."

"हसत होतीस, एर्मेलिंदा. तोंड उघडं टाकून, लहान पोरीसारखी. खाली फुलांकडे बघत होतीस आणि हसत होतीस. मी म्हटलं, अरे देवा, ही अजून हसू शकते." लोरेताने शालीच्या टोकाने नाक पुसलं. "मला भीती वाटायला हवी होती ना? ते एवढं मोठं समोर. मला वाटलीच नाही. मला एवढंच वाटलं, हे आता जाईल, आणि ते जायच्या आत मला हिला बघून घेऊ दे."

चुलीतलं लाकूड खचलं.

"लग्न थांबवता आलं नसतं," लोरेता म्हणाली, खाली बघत. "पोरीला तिसरा महिना होता. सांगणार कोणाला? तुझ्या घरात मढं, माझ्या घरात हे."

"मला महिने मोजता येतात, जाऊबाई. लग्नाच्या सातव्या महिन्यात चार किलोचं बाळ झालं, तेव्हाच सगळ्या गावाने मोजले."

"मग इतकी वर्षं?"

"लग्नाचं नव्हतंच ते. अकॉर्डियनचं होतं."

लोरेताने मान वर केली. "तो अकॉर्डियनवाला व्याह्यांनी आणला होता! बेसूर मेला. मीच त्याला हाकलणार होते."

"बेसूर तर होताच," एर्मेलिंदा म्हणाली. "गाएतानो असता तर त्याने भिंत ठोकली असती." आणि तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. लोरेताने खुर्ची ओढून तिच्या खुर्चीला भिडवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी माळाच्या मध्यावर गेल्या. बर्फ जागोजागी विरघळलं होतं. मेंढ्यांच्या दगडी टाक्यात पाण्यावर बर्फाचा पापुद्रा होता. सरकारी रेघा इथे मिळाल्या होत्या. कुठे काही जळलेलं नव्हतं, गवत दबलेलं नव्हतं.

"इथपासून," लोरेता हात पसरून म्हणाली, "त्या बदामाच्या झाडापर्यंत."

"काहीतरीच. पार त्या रस्त्यापर्यंत होतं. अख्खं चर्च मावलं असतं."

"तुझ्या बाजूने मोठं दिसलं असेल."

"तुमच्या बाजूने तर ते आरपार दिसत होतं म्हणता, मग मापलंत कुठून?"

वाद घालता घालता दोघी चालत राहिल्या, पावलांनी माप घेत, चिखलात रुतत. आणि मधेच एकदम दोघी थांबल्या. का, ते दोघींनाही सांगता आलं नसतं. माळावर वारा पडला होता. डोक्यावर फेब्रुवारीचं आकाश होतं, उंच आणि फिकट निळं. लोरेताने धाकट्या जावेचा दंड धरला. ते इथे होतं. कोणाचं होतं, कशाला आलं होतं, परत येणार की नाही, कोणाला माहीत नव्हतं. पण इथे होतं, आणि त्यांना दिसलं होतं.

गाव आता दोघींना मिळून हसतं. त्या वर्षीपासून त्या पुन्हा एकमेकींची शेतं मिळून उरकतात, पण त्यांचं काम सगळ्यात मागे असतं. पानफिलो म्हणतो, उरकणार कसं? खुडणं कमी आणि वर बघणंच जास्त.